धाकटी म्हणजे कोणती?

कंट्रोल रूममधल्या त्या बाईला सगळे खटकेबाई म्हणत, आणि हे नाव तिला दोन्ही अंगांनी शोभे. शहराच्या पोटातून धावणाऱ्या गाड्यांची वीज तोडायची-जोडायची, तर त्या बोर्डावरचे खटके तिच्या हातात. आणि दिवसभरात ज्याच्याशी म्हणून तिचं बोलणं होई, त्याच्याशी तिचे खटके उडत. एखादा दिवस भांडणाशिवाय गेलाच, तर शेजारच्या टेबलावर बसून गाड्यांवर नजर ठेवणारा म्हातारा विचारी, "बाई, अंगात कणकण आहे का?" मग ती त्याच्याशी भांडे आणि त्याचा जीव भांड्यात पडे.

तिच्याबद्दल कोणी चार गोड शब्द बोलल्याचं ऐकिवात नाही, तेव्हा इथेही ती अपेक्षा कोणी धरू नये. ती उंच, ताठ, ओठ घट्ट मिटलेली. केस इतके ओढून बांधलेले की भुवया वर चढल्यासारख्या वाटत. खोलीला खिडकी नव्हती. थंड हवेची घरघर अष्टौप्रहर चालू आणि समोर भिंतभर बोर्ड. ज्या तुकड्यात वीज असेल तिथे लाल दिवा, नसेल तिथे हिरवा. या बोर्डासमोरच्या खुर्चीवर तिच्याआधी एकही बाई बसलेली नव्हती. ही बसली तेव्हा खात्यातल्या लोकांनी नाकं मुरडली, आणि घरी सासूबाईंनी तर एका वाक्यात निकाल लावला, "दिवे मालवायला पगार देतात म्हणजे कमालच आहे." नवरा काचा बसवायचं काम करी. तो आईच्या बाजूने हसला. ते हसू ती विसरली नाही.

काम खरंच एका वाक्याचं होतं. बोगद्यात गाडी दोन रुळांवरून धावते आणि तिसऱ्या रुळातून तिला वीज मिळते. दुरुस्तीच्या टोळीला रुळात उतरायचं, तर आधी त्या तिसऱ्या रुळातली वीज मरायला हवी. टोळीचा मुकादम बोगद्यातल्या फोनवरून मार्ग आणि तुकडा सांगणार, ही तो खटका पाडणार, दिवा हिरवा झाला की "तोडली" म्हणणार, आणि मग माणसं खाली उतरणार. पण हा एक शब्द चुकीचा निघाला तर माणूस उभ्या जागी जळतो. खटकेबाईने आयुष्यात कोणाची माया कमावली नव्हती, पण तो शब्द मात्र कमावला होता. तिची "तोडली" आजवर कधी खोटी ठरली नव्हती, आणि तिला मनातून एवढाच एक अभिमान होता.

भांडण होतं ते नावांवरून. सरकारी भाषेत मार्ग तीन होते आणि त्यांची नावं मार्ग एक, मार्ग दोन, मार्ग तीन. मध्ये एकदा वरच्या लोकांना रंगांचं वेड लागलं आणि नकाशावर शेंदरी, अबोली, मोरपंखी अशी नावं छापून आली. बोगद्यातल्या पिवळ्या उजेडात शेंदरी आणि अबोली सारखीच मातकट दिसतात हे कोणाच्या डोक्यात आलं नाही, आणि वर्षाच्या आत रंग गेले, आकडे परत आले. पण सरकारी आकडे माणसांच्या तोंडी बसतात थोडेच! टोळ्यांनी आपली नावं कधीच ठेवून टाकली होती आणि ती ठेवणारा होता मुकादम.

हा मुकादम म्हणजे आडव्या अंगाचा, पोट सुटलेला, आवाज बोगद्यातच घडलेला माणूस. तो बिगारी म्हणून लागला तेव्हा दुसरा मार्ग नुकताच सुरू झाला होता. तेव्हा दोनच मार्ग होते. पहिली झाली थोरली आणि दुसरी धाकटी. पुढे तिसरा मार्ग आला आणि नदीखालून थेट धाकटीच्या अंगाला अंग लावून धावायला लागला. धाकटीचे निम्मे प्रवासी त्याने ओढले. उद्घाटनाच्या दिवशी साहेब लोक फीत कापत असताना मुकादम मागून मोठ्याने म्हणाला, "आली सवत!" तेव्हापासून टोळ्यांत तिसरा मार्ग म्हणजे सवत. एक वळण होतं जिथे चाकं किंचाळत, ती रडूबाई. एका स्टेशनचा जिना संपता संपत नसे, ते धापा. साहेबांच्या तोंडीसुद्धा धापा आलं होतं.

आता खटकेबाई राहायची नदीपलीकडे. तिकडे गाडी पोचली तीच मुळी तिसऱ्या मार्गाने. त्यामुळे तिकडच्या लोकांची नावं वेगळी. पहिली म्हणजे जुनी, दुसरी म्हणजे मधली, आणि सगळ्यांत नवी, दाराशी येणारी तिसरी, ती धाकटी. म्हणजे मुकादमाची धाकटी मार्ग दोन आणि खटकेबाईच्या गल्लीची धाकटी मार्ग तीन. त्यात तिच्या घरात आणखी एक धाकटी होती, तिची जाऊ. घरात रोज सकाळी असा संवाद चाले:

"धाकटी गेली का हो?"

"कोणती?"

"गाडी."

"गाडी गेली. आमची अजून आरशासमोर आहे."

सासूबाई तर "धाकटीचा काही भरवसा नाही" हे वाक्य अशा सुरात म्हणत, की ते कोणाला लागावं हे ऐकणाऱ्याने आपलं ठरवावं. जाऊ ते आपल्यालाच समजून दिवसभर फुगून बसे. चार भिंतींत एका शब्दाने एवढा घोळ होतो, तर विजेच्या रुळावर काय होईल हे खटकेबाईला कोणी शिकवायला नको होतं. म्हणून फोनवर ती टोळीचं एकही नाव चालू देत नसे. तिला ती सगळी पाठ होती. पण चालू देत नसे.

"खटकेबाई, धाकटी तोडा."

"मार्ग कोणता?"

"अहो, धाकटी!"

"माझ्या बोर्डावर धाकटी नाही. मार्ग सांगा."

"चार माणसं रुळाशेजारी ताटकळलीत इथे. तुम्हाला कळत नाही असं थोडंच आहे?"

"मला काय कळतं ते तुम्ही ठरवू नका. मार्ग."

"दोन! दोन! दोन! झालं समाधान?"

"एकदाच सांगायचं असतं. असं लागोपाठ ओरडलात तर कळणार नाही कोणाला दोन की बावीस. पुन्हा सांगा. नीट."

हा तमाशा रोजचा. मुकादम फोन आपटून टोळीसमोर तिची नक्कल करी, भुवया वर चढवून, बोट नाचवून, आणि टोळी बोगदा दणाणेपर्यंत हसे. ते हसू फोन नीट ठेवलेला नसला की तिच्या कानापर्यंत येई. तिला ते झोंबे. ती मुकादमाचा मनापासून द्वेष करी, त्याच्या आवाजाचा, त्याच्या पोटाचा, त्याच्या मागे फिरणाऱ्या त्या खिदळणाऱ्या माणसांचा. आणि मुकादमही तिला पाण्यात पाही. विळ्या-भोपळ्याचं सख्य म्हणतात ते हेच.

शेवटी मुकादमाने साहेबांकडे तक्रार नेली, की बाईच्या हट्टापायी कामाचा वेळ वाया जातो. पहिली तक्रार साहेबांनी दाबली. दुसरी आली, तिसरी आली, तसं त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. साहेब गोरेगोमटे, मृदू बोलणारे. कोणाशीच वाकडं नको म्हणून दोन्हीकडे मान डोलवणारे.

"बाई, नियम आहेतच," ते म्हणाले. "नियमाला कोण नाही म्हणतंय? पण माणसं सांभाळून घ्यावी लागतात. त्यांची भाषा तुम्हाला येते ना?"

"येते."

"मग बोला की थोडी त्यांच्यासारखी. काय बिघडतं? थोडं गोडीत घ्या."

"साहेब, फोनवर गोडी कशाला हवी?"

साहेबांचा चेहरा जरा उतरला. मग ते टेबलावरच्या पेपरवेटशी खेळत म्हणाले, "हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर एक जागा रिकामी होते आहे. तिथे भांडायला भरपूर वाव आहे. आणखी एक तक्रार आली तर माझा नाइलाज होईल."

हरवलेल्या छत्र्या आणि एकेकटे हातमोजे सांभाळत बसायचं! ती खुर्चीवर परत आली. बोर्ड गेला तर तिच्यापाशी दुसरं काहीच उरणार नव्हतं. सासूबाईंचं ते एक वाक्य आणि नवऱ्याचं ते एक हसू, दोन्ही खरी ठरणार होती. त्या दिवशी तिने ठरवलं, की जीभ आवरायची. जिवावर येईल, पण आवरायची.

सुट्टीच्या दिवशी दुपारी मार्ग दोन आणि मार्ग तीन दोन्हींवरच्या गाड्या थांबवून देखभालीची कामं करत. वीज मात्र सरसकट तोडत नसत, कारण कामाच्या गाड्यांना ती लागे. ज्या तुकड्यावर माणसं उतरणार तेवढाच तोडायचा. त्या दुपारी फोन वाजला. पलीकडे मुकादम होता, पण आवाज त्याचा वाटत नव्हता.

"नमस्कार बाई. चहा-बिहा झाला का?"

तिला वाटलं, प्यायला आहे की काय! "झाला," ती म्हणाली. आणि मग, ठरवलं होतं म्हणून, "तुमचा?"

"आमचा बोगद्यात कसला चहा! बरं, नदीखालचा तुकडा आहे. धाकटी तेवढी तोडून द्या, म्हणजे आम्ही हात घालतो."

'मार्ग कोणता?' हे दोन शब्द तिच्या जिभेच्या टोकावर आले. नेहमीच्या सवयीने ओठ उघडलेही. तिच्या डोळ्यांपुढे ती खिडकी आली, त्या छत्र्या आल्या. आणि खरं सांगायचं तर विचारण्याची गरजही नव्हती. मुकादमाच्या तोंडची धाकटी म्हणजे मार्ग दोन, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. तिने शब्द गिळले.

"धाकटी ना? देते तोडून, मुकादम." तिने मार्ग दोनचा खटका पाडला. नदीखालच्या तुकड्यावरचा लाल दिवा गेला, हिरवा आला. "घ्या. धाकटी तोडली."

"वा, बाई! असं बोललात तर किती बरं वाटतं!"

शेजारचा म्हातारा तोंड उघडं टाकून बघत होता. खटकेबाईला हसू आलं. कसनुसं, पण आलं. इतकं सोपं होतं तर एवढी वर्षं आपण घसा कशाला फोडला, असंही तिच्या मनात येऊन गेलं. मग बोर्डावर खट्ट झालं.

मार्ग तीनच्या रांगेतला, नदीखालच्या तुकड्याचा खटका आपला आपण पडला होता. खटका असा आपोआप पडतो तो एकाच कारणाने, रुळातली वीज कुठूनतरी जमिनीत शिरली म्हणजे. कोणीतरी तिला वाट करून दिली म्हणजे. त्या क्षणी खटकेबाईला सगळं कळलं. फक्त 'का' ते कळलं नाही. तिने फोन उचलला, तर पलीकडे माणसं ओरडत होती.

मुकादमाने विजेच्या रुळावर, चुकून आलेली वीज जमिनीत जावी म्हणून लावतात तो लोखंडी चिमटा बसवायला हात घातला होता. तो चिमटा पहिल्यांदा मुकादमानेच बसवायचा, बाकीच्यांनी नंतर उतरायचं, अशी त्याच्या टोळीची रीत. ठिणगीचा लोळ उठला. त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला आणि दोन बोटं जागच्या जागी गेली. भुवया आणि कपाळावरचे केसही जळाले. जीव वाचला तो खटका वेळेवर पडला म्हणून.

त्या संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा सासूबाई दारातच उभ्या होत्या. "आज धाकटीने एवढा उशीर का केला गं? स्टेशनवर म्हणे गर्दी उसळली होती."

"तीन म्हणा!" खटकेबाई एवढ्या जोरात ओरडली की आतून नवरा आणि जाऊ धावत आली. "मार्ग तीन म्हणा! या घरात पुन्हा धाकटी म्हणालात तर बघा!"

जाऊ दारातच रडायला लागली. "मी काय केलं? माझं नावसुद्धा नको झालंय या घरात!"

तिला समजावायला सगळे तिच्याभोवती जमले. खटकेबाईला कोणी काही विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

चारेक दिवस गेल्यावर ती दवाखान्यात गेली. कशाला गेली हे तिलाच धड सांगता आलं नसतं. माफी मागायचं तिच्या मनात नव्हतं. तिला ते 'का' हवं होतं. मुकादम उशांना टेकून बसला होता. उजव्या हाताचं गाठोडं छातीवर, कपाळ सोललेलं, आणि भुवया नसल्याने चेहरा कायम दचकल्यासारखा. शेजारी स्टुलावर त्याची बायको चमच्याने त्याला काहीतरी भरवत होती. ही कोण हे तिला न सांगताच कळलं असावं, कारण चमचा वाटीत आपटला.

"या," मुकादम म्हणाला. "बघायला आलात का, काम पुरतं झालं नाही म्हणून?"

"काम मार्ग तीनवर होतं. तुम्ही धाकटी का म्हणालात?"

"तुमच्यासाठी!" तो एकदम उसळला आणि कळ आल्याने तोंड वाकडं केलं. "साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, बाई नदीपलीकडच्या आहेत, जरा त्यांच्यासारखं बोल, गोडीत घे, नाहीतर तुझी टोळी काढून घेतो. सवत म्हटलं की तुम्ही अंगावर येणार. म्हटलं, तुमच्या लोकांत तिला धाकटी म्हणतात ना, मग म्हणू एक दिवस धाकटी. जीभ झिजत नाही. तुम्ही कशाला दोन तोडलीत?"

"तुमच्या तोंडची धाकटी म्हणजे दोन, म्हणून."

"तुम्ही माझं तोंड कधीपासून ओळखायला लागलात? रोज 'मार्ग कोणता, मार्ग कोणता' म्हणून जीव खाता. त्याच दिवशी दातखीळ बसली?"

"मलाही साहेबांनी बोलावलं होतं," ती म्हणाली. "तुमच्यासारखं बोला म्हणाले."

मुकादमाच्या छातीतून एक विचित्र आवाज निघाला. तो हसत होता.

"म्हणजे तुम्ही माझ्या बाजूला आलात आणि मी तुमच्या बाजूला गेलो," तो म्हणाला. "इतकी वर्षं एकमेकांच्या उरावर बसलो, कोणाच्या नखाला धक्का लागला नाही. एक दिवस गोड बोललो आणि हात गेला."

"हसू नका, कातडी ताणतेय," त्याची बायको म्हणाली आणि उठून उभी राहिली. "बाई, तुम्ही भांडा नाहीतर गळ्यात गळे घाला, मला काही देणंघेणं नाही. यांच्या शर्टाची बटणं आता जन्मभर मी लावणार आहे. निघा तुम्ही. मला तुमचं तोंड बघवत नाही."

खटकेबाई न भांडता निघाली. असं तिच्या बाबतीत सहसा होत नसे.

चौकशी वरच्या मजल्यावरच्या लांबट खोलीत झाली. टेबलामागे तीन अधिकारी आणि भिंतीला टेकून साहेब. साहेबांनी पहिल्यांदाच हात झटकले. आपण दोघांनाही फक्त सलोख्याने वागायला सांगितलं, कुठलं नाव वापरा असं आपण कधीच म्हटलं नाही, असं ते शांतपणे म्हणाले. ते खोटंही नव्हतं. खटकेबाईने जे घडलं ते सांगितलं. मार्ग विचारला नाही हेही सांगितलं. "विचारायला हवं होतं," असं ती स्वतःहून म्हणाली, आणि ते म्हणताना तिला इतकी लाज वाटली की तिने टेबलाच्या कडेला नखं रुतवली.

मग मुकादमाला उभं केलं. मधल्या अधिकाऱ्याने विचारलं, "फोनवर तोडली असं कळल्यावर रुळाला दिवा लावून पाहिलात?"

प्रश्न साधा होता आणि सगळं त्याच्यावर होतं. प्रत्येक मुकादमाजवळ एक काठी असते, तिच्या टोकाला दिवा. रुळाला हात घालण्याआधी ती काठी टेकवायची. दिवा लागला तर वीज आहे, नाही लागला तर नाही. नियमच होता तसा. मुकादम "टेकवली होती, दिवा लागला नाही" असं म्हणाला असता तर टोळीने एका सुरात री ओढली असती आणि खापर पुरतं खटकेबाईवर फुटलं असतं. बोर्डच काय, नोकरीही गेली असती. तो तसंच म्हणणार याबद्दल तिला शंका नव्हती. तिने मनातल्या मनात त्या छत्र्या मोजायला घेतल्या होत्या.

"नाही," मुकादम म्हणाला.

"विसरलात?"

"विसरलो नाही. काठी पिशवीत होती. काढली नाही."

"का?"

मुकादमाने खटकेबाईकडे मान वळवली. त्या बिनभुवयांच्या डोळ्यांत प्रेम नव्हतं, दयाही नव्हती.

"ही बाई माणूस म्हणून विषारी आहे," तो म्हणाला. "हिच्याशी बोलून दिवस चांगला गेला असं कधी झालं नाही. पण हिने तोडली म्हटलं, की तोडली. दुसरं कोणी त्या खुर्चीवर असलं, की मी दोन-दोनदा दिवा लावून बघतो. हिच्या शब्दावर कधी बघितला नाही. मी नाही, माझ्या टोळीतल्या कोणी नाही. डोळे मिटून हात घालतो आम्ही." मग त्याने आवाज खाली आणला. "घालत होतो."

खटकेबाईने असं काहीतरी आपल्याबद्दल कोणीतरी म्हणावं म्हणून आयुष्य घालवलं होतं. घरी कोणी म्हटलं नाही, खात्यात कोणी म्हटलं नाही. आज म्हटलं, तेही तिच्या वैऱ्याने, भर सभेत, आणि ते खरं राहिलं नव्हतं तेव्हा. त्याने तिच्यावर खोटा आळ घेतला असता तर तिला सोसलं असतं. तिने त्याला आणखी मनसोक्त शिव्या दिल्या असत्या.

निकाल लागला तो दोघांच्याही निष्काळजीपणाचा, निम्मा-निम्मा. मुकादमाला जमिनीवर, गोदामात बसायचं काम मिळालं. खटकेबाईची खुर्ची राहिली, कारण तिला हलवलं असतं तर साहेबांनी तिला कधी, कशासाठी बोलावलं होतं हा विषय पुन्हा निघाला असता, आणि तो निघू नये अशी साहेबांची फार इच्छा होती. फोनवर आकड्यांखेरीज दुसरं कुठलंही नाव वापरायचं नाही अशी पाटी प्रत्येक बोगद्यात लागली. इतकी वर्षं ती जे मागत होती ते सगळं तिला मिळालं.

पुढच्या सुट्टीच्या दुपारी फोन वाजला. टोळीवर आता दुसरा मुकादम होता, जुन्याच्याच हाताखाली तयार झालेला.

"मार्ग तीन. नदीखालचा तुकडा. वीज तोडायची," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, थट्टा नव्हती, काहीच नव्हतं.

"मार्ग तीन. नदीखालचा तुकडा," तिने परत म्हटलं. खटका पाडला, दिवा हिरवा झालेला बघितला, बोट ठेवून पुन्हा बघितला. "तोडली."

पलीकडून उत्तर आलं नाही. फोन चालू होता. माणसं हलल्याचे, बूट घासल्याचे आवाज येत होते, पण कोणी खाली उतरल्याचा आवाज येत नव्हता.

"तोडली म्हटलं ना मी," ती म्हणाली. "उतरत का नाही?"

"थांबा, बाई," नवा मुकादम म्हणाला. "काठी टेकवून बघतोय."

ती थांबली. काठी रुळाला टेकल्याचा टक् असा आवाज आला. मग जरा पुढे दुसऱ्या जागी, आणि मग तिसऱ्या.